ऑटोकॅडमध्ये घराचा पहिला प्लॅन: फेरफाराच्या कमांड हाताला कशा बसवायच्या

आयटीआयमधून ड्राफ्ट्समन सिव्हिल करून मी चिपळुणातल्या एका इंजिनिअरच्या ऑफिसात लागले, तेव्हा मला ऑटोकॅडमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरवर नकाशे काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये, लाइन, सर्कल आणि रेक्टँगल एवढंच नीट येत होतं. गुहागरकडच्या एका घराचा प्लॅन मी तीन दिवस खपून काढला. चौथ्या दिवशी घरमालक आले आणि म्हणाले, "मागच्या खोल्या दोन फुटांनी वाढवूया." मी निम्मा प्लॅन पुसून पुन्हा काढायला बसले. शेजारच्या टेबलावरच्या दादांनी माउस हातात घेतला, उजवीकडून डावीकडे एक चौकट ओढली, एक आकडा टाकला, आणि मागची भिंत खिडक्यांसकट दोन फूट मागे सरकली.

कॅडमध्ये नवीन रेघ काढायचं काम थोडंच असतं, हे मला त्या दिवशी कळलं. एक रेघ बरोबर मापात काढायची आणि बाकीचं घर तिच्यातून ऑफसेट, ट्रिम, मिरर, स्ट्रेच करत उभं करायचं. खाली तेच क्रमाने सांगते. उदाहरण एकच ठेवलं आहे: पुढे पडवी, मागे माजघर आणि स्वयंपाकघर असं छोटं चिरेबंदी घर. वाचता वाचता सोबत काढत गेलात तर दोन संध्याकाळी पुरतील.

काय काय लागेल

• कॉम्प्युटर. साध्या द्विमितीय कामाला ८ जीबी रॅम चालते.
• चाक असलेला माउस. लॅपटॉपच्या टचपॅडवर हे शिकायला जाऊ नका, हात दुखतो आणि निवड चुकते. चाक फिरवलं की झूम, चाक दाबून धरलं की पॅन (पडद्यावरचं ड्रॉइंग सरकवणं), चाकावर दोनदा टिचकी मारली की सगळं ड्रॉइंग पडद्यावर.
• सॉफ्टवेअर. विद्यार्थी असाल तर ऑटोडेस्कच्या शिक्षण योजनेतून ऑटोकॅड एका वर्षासाठी मोफत मिळतं आणि पात्रता असेपर्यंत दरवर्षी नूतनीकरण करता येतं. विद्यार्थी नसाल तर लिब्रेकॅड कायमचं मोफत आहे. त्यातल्या कमांडची नावं थोडी वेगळी आहेत आणि ते फाइल डीएक्सएफ नावाच्या प्रकारात ठेवतं, पण कल्पना त्याच. पेनड्राइव्हवरून फिरणारी क्रॅक केलेली प्रत घेऊ नका. ती बेकायदेशीर तर आहेच, शिवाय तिच्यासोबत व्हायरस आला तर ऑफिसच्या सगळ्या फाइली जातात.
• ३० मीटरची टेप, ५ मीटरची छोटी टेप, आणि जागेवर हाताने काढलेलं मापांचं कच्चं रेखाटन.
• खरं काम असेल तर सातबारा आणि मोजणीच्या नकाशाची क प्रत. घर जमिनीत कुठे बसतं हे त्याशिवाय ठरवता येत नाही.

१. आधी एकक, मग रेघ

युनिट्स कमांड देऊन मिलिमीटर निवडा. आपल्याकडे घरमालक फुटांत बोलतो, मेस्त्री इंचात आणि मोजणीचा नकाशा मीटरमध्ये असतो. ड्रॉइंग मात्र एकाच एककात हवं. १ फूट म्हणजे ३०४.८ मिलिमीटर. नऊ इंची भिंत आपण २३० धरतो.

मग तीन सवयी लावून घ्या. एफ ३ ने ऑब्जेक्ट स्नॅप (कर्सर आपणहून नेमक्या बिंदूला चिकटण्याची सोय) चालू ठेवा आणि त्यात एंडपॉइंट, मिडपॉइंट, इंटरसेक्शन एवढेच टिकवा. सगळे स्नॅप चालू केले तर कर्सर भलत्याच बिंदूला चिकटतो. सरळ रेघांसाठी एफ ८ ने ऑर्थो, म्हणजे रेघ फक्त आडवी किंवा उभीच जाते. आणि डोळे सतत खालच्या कमांड लाइनवर. कॅड तिथे प्रत्येक वेळी विचारतं: वस्तू निवडा, आधारबिंदू द्या, अंतर द्या. नवशिक्यांच्या बऱ्याच चुका ती ओळ न वाचल्यामुळे होतात. त्याने विचारलेलं असतं अंतर आणि आपण टिचकी मारत बसतो.

एंटरचं काम स्पेसबारही करतो, आणि रिकामा एंटर मारला की मागची कमांड पुन्हा चालू होते. डावा हात कीबोर्डवर आणि उजवा माउसवर, असं पहिल्या दिवसापासून ठेवा.

२. फाइल जपणं

हे मुद्दाम इतक्या वर घेतलं आहे. जूनमध्ये आपल्याकडे वीज कधी जाईल याचा नेम नसतो. ऑटोकॅड आपोआप तात्पुरती प्रत ठेवतं, पण मुळात ती वेळ दहा मिनिटांची असते. सेव्हटाइम कमांडने ती पाच करा, आणि प्रत्येक मोठ्या फेरफारानंतर कंट्रोल-एस दाबा. फाइल उघडेनाशी झाली तर तिच्याच शेजारी बीएके (.bak) विस्ताराची फाइल असते. तिचा विस्तार बदलून डीडब्ल्यूजी (ऑटोकॅडच्या ड्रॉइंगचा नेहमीचा विस्तार) केला की त्याआधीच्या सेव्हपर्यंतचं काम परत मिळतं.

आणि एक प्रत इमारतीबाहेर ठेवा. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत शिरलं तेव्हा आमच्या तळमजल्यावरच्या ऑफिसातले कॉम्प्युटर आणि नकाशांच्या गुंडाळ्या सगळं गेलं. जी ड्रॉइंग कोणाच्या तरी ईमेलमध्ये होती तेवढीच वाचली. तेव्हापासून मी दिवस संपताना फाइल ऑनलाइन ड्राइव्हवर चढवल्याशिवाय उठत नाही.

३. निवड: इथे सगळ्यात जास्त वेळ द्या

फेरफाराची कोणतीही कमांड घ्या, तिला आधी कळायला हवं की कशावर काम करायचं. निवड चुकली की पुढचं सगळं चुकतं.

रिकाम्या जागेत टिचकी मारून चौकट डावीकडून उजवीकडे ओढली तर ती निळी दिसते. जी वस्तू पूर्ण आत आली तीच निवडली जाते. तीच चौकट उजवीकडून डावीकडे ओढली तर हिरवी दिसते, कडा तुटक असते, आणि तिला नुसता स्पर्श झालेली वस्तूही निवडली जाते. पहिलीला विंडो म्हणतात, दुसरीला क्रॉसिंग. दोन्हींतला फरक हाताला कळेपर्यंत एखाद्या जुन्या ड्रॉइंगवर नुसत्या चौकटी ओढत बसा. मी अर्धा दिवस तेच केलं होतं आणि तो अर्धा दिवस आजही कामाला येतो.

नको ती वस्तू निवडली गेली तर एस्केप मारून पहिल्यापासून सुरू करू नका. शिफ्ट दाबून तिच्यावर टिचकी मारा, तेवढीच वगळली जाते. मघाचीच निवड पुन्हा हवी असेल तर "वस्तू निवडा" असं विचारल्यावर इंग्रजी पी टाइप करून एंटर.

४. ऑफसेट: एका चौकोनातून भिंती

रेक्टँगल घ्या, पहिला बिंदू ०,० आणि दुसरा @ चिन्ह लावून ९०००,७५००. ही घराची बाहेरची कड. पडद्याची खालची बाजू म्हणजे घराचा पुढचा भाग.

आता ऑफसेट, म्हणजे दिलेल्या अंतरावर समांतर प्रत. त्यासाठी ओ आणि एंटर. अंतर २३०. चौकोनावर टिचकी, मग त्याच्या आत टिचकी. बाहेरच्या भिंती तयार. आतलं माप आता ८५४० बाय ७०४० आहे.

आतला चौकोन ही एकच सलग पॉलिलाइन (जोडलेल्या रेघांची एक वस्तू) आहे. तिचा पुन्हा ऑफसेट काढला तर आणखी एक लहान चौकोन मिळेल, आणि आपल्याला तर आतल्या भिंतीसाठी एकेक बाजू हवी. म्हणून एक्सप्लोड (एक्स) देऊन फक्त आतला चौकोन फोडा. बाहेरचा तसाच राहू द्या, पुढे पागोळीसाठी आणि क्षेत्रफळासाठी तो अखंड हवा.

मग पुढच्या आतल्या रेघेचा २४०० चा ऑफसेट मागे. ही पडवीची खोली. त्या नव्या रेघेचा आणखी २३० चा. मधली भिंत झाली. आता डाव्या आतल्या रेघेचा उजवीकडे ४१५५ चा आणि त्याचा २३० चा. माजघर आणि स्वयंपाकघर यांच्यामधली भिंत उभी राहिली. ८५४० मधून २३० वजा करून निम्मे केले की ४१५५ येतात. दोन्ही खोल्या ४१५५ बाय ४४१०.

इथला नेहमीचा सापळा: ऑफसेटला मागचं अंतर लक्षात राहतं आणि ते तो आपणहून पुढे करतो. कमांड लाइन न वाचता एंटर मारला तर २४०० च्या जागी २३० ची पडवी होते.

५. ट्रिम आणि एक्स्टेंड: भिंतींचे सांधे मोकळे करणं

आता पडद्यावर जाळी दिसते. उभ्या दोन रेघा पडवीतूनही गेल्या आहेत. ट्रिम म्हणजे टीआर, एंटर. २०२१ च्या आवृत्तीपासून ट्रिम क्विक पद्धतीने चालतं: नको असलेल्या तुकड्यावर टिचकी मारा, तो जवळच्या छेदापर्यंत कापला जातो. जुन्या आवृत्तीत आधी कापणाऱ्या कडा विचारतात. तिथे काही न निवडता एंटर मारला की सगळ्याच रेघा कडा धरल्या जातात.

पडवीतले उभे तुकडे काढा, मधल्या भिंतीच्या जाडीत आलेलेही काढा. मग जिथे एक भिंत दुसरीला मिळते तिथला आडवा २३० चा तुकडा काढा, म्हणजे सांधा मोकळा दिसेल. असे चार सांधे आहेत: मधली भिंत दोन्ही बाजूंच्या भिंतींना मिळते ते दोन, उभी भिंत मधल्या भिंतीला मिळते तो एक आणि मागच्या भिंतीला मिळते तो एक. सांधे बंद ठेवले तर भिंत नंतर हॅच करताना (आत रेघांची नक्षी भरताना) तुकडे पडतात, आणि नकाशा वाचणाऱ्या मेस्त्रीला तिथे कॉलम आहे की काय अशी शंका येते.

क्विक ट्रिममध्ये एक धोका आहे. जी रेघ दुसऱ्या कशालाच छेदत नाही तिच्यावर टिचकी बसली तर ती पूर्ण पुसली जाते. तसं झालं तर कमांड चालू असतानाच यू टाइप करून एंटर मारा, शेवटचा तुकडा परत येतो.

आता दार. माजघराच्या बाजूला, उभ्या भिंतीच्या डाव्या रेघेचा ३०० चा ऑफसेट डावीकडे, त्याचा पुन्हा १००० चा. या दोन रेघा मधल्या भिंतीच्या मागच्या कडेलाच थांबतात, पडवीकडच्या कडेपर्यंत पोचत नाहीत. त्यांना एक्स्टेंड (ईएक्स) ने पुढे न्या. एक्स्टेंड आणि ट्रिम ही एकाच कामाची दोन तोंडं आहेत. एक चालू असताना शिफ्ट दाबून धरली की दुसरं होतं. मग भिंतीच्या दोन्ही कडांचे मधले १००० चे तुकडे आणि खोलीत वर गेलेल्या रेघा ट्रिम करा. एक मीटरचं दार उघडलं.

६. फिलेट, कोपऱ्यांसाठी

दोन रेघा कोपऱ्यात एकमेकींना मिळत नसतील किंवा ओलांडून गेल्या असतील तर ट्रिम-एक्स्टेंडच्या खटपटीत पडू नका. फिलेट (एफ) घ्या, त्रिज्या शून्य, दोन्ही रेघांवर टिचकी. जी बाजू ठेवायची त्या बाजूवर टिचकी मारायची. हीच कमांड गडग्याला (आवाराच्या दगडी भिंतीला) फाटकापाशी वळण द्यायलाही लागते: त्रिज्या १५०० घ्या आणि गाडी आत वळेल असा गोलावा तयार. फक्त ती त्रिज्याही तशीच लक्षात राहते. पुढच्या वेळी चौकोनी कोपरा हवा असेल तर दुसऱ्या रेघेवर शिफ्ट दाबून टिचकी मारा, त्या वेळेपुरती त्रिज्या शून्य धरली जाते.

७. कॉपी आणि मिरर

दाराची फळी आणि तिची कमान एकदाच काढा. खिडकीही एकच. बाकीच्या कॉपी (सीओ) करा. कॉपी करताना आधारबिंदू नीट निवडणं महत्त्वाचं. खिडकीचा कोपरा किंवा मध्य धरलात तर ती भिंतीत जिथे हवी तिथे स्नॅपने चपखल बसते. हवेत कुठेतरी टिचकी मारून उचललेली खिडकी एक-दोन मिलिमीटर इकडेतिकडे बसते, आणि ते पडद्यावर दिसत नाही, मापं टाकताना उघड होतं.

स्वयंपाकघराचं दार मिररने (एमआय) घ्या. दार आणि चौकटीच्या दोन रेघा निवडा. आरशाच्या रेघेसाठी पुढच्या बाहेरच्या भिंतीचा मध्यबिंदू पकडा आणि ऑर्थो चालू ठेवून सरळ वर टिचकी मारा. मूळ वस्तू पुसायची का असं विचारेल, तेव्हा नाही म्हणा. भिंतीचे तुकडे त्या बाजूला पुन्हा ट्रिम करावे लागतील.

कोकणात मिररचा खरा उपयोग दोन भावांच्या जोडघरात होतो. एका भावाचं घर काढायचं, सामाईक भिंतीवर आरसा धरायचा, दुसऱ्याचं तयार. पण अशा वेळी शौचालय, सेप्टिक टँक आणि विहीर यांच्या जागा मिररवर सोडू नका, त्या जागेवर जाऊन ठरवा. कागदावर सारखी दिसणारी जमीन दुसऱ्या बाजूला उतरती असते. अक्षरं उलटी आली तर मिरटेक्स्ट (MIRRTEXT) शून्य करा. आणि खोल्यांची नावं मराठीत लिहिणार असाल तर मंगलसारखा युनिकोड फॉन्ट घ्या. एसएचएक्स फॉन्टमध्ये देवनागरी उमटत नाही, प्रश्नचिन्हं दिसतात.

८. मूव्ह, रोटेट, स्केल: घर जमिनीत बसवताना

मूव्ह (एम) कॉपीसारखंच, फक्त मूळ जागेवर काही उरत नाही.

रोटेटमध्ये (आरओ) अंश घड्याळाच्या उलट दिशेने मोजतात. पण आपल्या जमिनी क्वचितच सरळ असतात, आणि रस्त्याला समांतर घर ठेवायचं तर नेमका कोन कोणाला ठाऊक असतो? तिथे रेफरन्स पर्याय वापरा. आधारबिंदू घराचा पुढचा कोपरा, मग आर, मग पुढच्या भिंतीची दोन टोकं दाखवा, आणि शेवटी ती भिंत जिकडे वळवायची तिकडचा बिंदू. कोन कॅड स्वतः काढतं.

स्केलबद्दल (एससी) सावध राहा. कागदावर नकाशा लहान-मोठा हवा म्हणून स्केल वापरायचं नसतं, ते काम छपाईच्या लेआउटमध्ये होतं. घर नेहमी खऱ्या मापातच ठेवा. स्केल लागतं ते एकक जुळवायला. मीटरमध्ये आलेला जमिनीचा नकाशा आपल्या मिलिमीटरच्या घराशेजारी आणला तर तो टिकलीएवढा दिसतो. त्याला १००० ने स्केल करा. क प्रत स्कॅन करून चित्र म्हणून आणली असेल तर इथेही रेफरन्स: आकडा लिहिलेली एक बाजू पकडा, तिची दोन टोकं दाखवा आणि तिचं खरं माप टाका. मग दुसरी एखादी बाजू मोजून पडताळा. स्कॅन करताना कागद सुरकुतलेला असला तर एका बाजूला जुळतं आणि दुसऱ्या बाजूला चुकतं. अशा चित्रावरून हद्दीची अंतरं ठरवू नका, लिहिलेल्या मापांवरूनच हद्द काढा.

९. अॅरे: वासे आणि विहिरीचे चिरे

छपराच्या प्लॅनसाठी बाहेरच्या चौकोनाचा ७५० चा ऑफसेट बाहेर घ्या. आपल्याकडचा तिरपा पाऊस भिंतीवर येऊ नये म्हणून पागोळी पुढे हवीच. रुंदी झाली १०५००. वासे समजा ५०० वर ठेवायचे आहेत. डाव्या कडेला एका वाशाची मध्यरेषा काढा आणि रेक्टँग्युलर अॅरे (ठरावीक अंतरावर ओळीने प्रती) द्या: आडवी ओळ (रो) एक, उभ्या स्तंभांमधलं (कॉलम) अंतर ५००. संख्या किती? १०५०० भागिले ५०० म्हणजे २१, पण ती मधल्या गाळ्यांची संख्या. वासे २२ लागतात. अंतरही एका वाशाच्या मध्यापासून दुसऱ्याच्या मध्यापर्यंतचं असतं, मधल्या पोकळीचं नव्हे. सुताराला लाकडाची यादी याच नकाशावरून जाते, म्हणून ही मोजणी दोनदा करा.

गोल विहिरीच्या काठाचे चिरे दाखवायला पोलर अॅरे, म्हणजे वर्तुळात प्रती. एक चिरा काढायचा, विहिरीचा मध्य दाखवायचा, संख्या टाकायची. अॅरेची सगळी वस्तू एकत्र बांधलेली असते. एकच चिरा पुसून पायरीला जागा करायची असेल तर कंट्रोल दाबून त्याच्यावर टिचकी मारा आणि डिलीट करा, नाहीतर आधी एक्सप्लोड करा.

१०. स्ट्रेच: घरमालक पुन्हा येतात तेव्हा

एस, एंटर. निवड क्रॉसिंगनेच, म्हणजे उजवीकडून डावीकडे. चौकटीत पूर्ण आलेली वस्तू जशीच्या तशी सरकते, आणि जी चौकटीच्या कडेने कापली जाते ती ताणली किंवा आखडली जाते. एवढा एक नियम कळला की स्ट्रेच कळलं.

आपल्या घरात चौकट अशी ओढा: सुरुवात घराच्या उजव्या बाहेर, मागच्या भिंतीच्या वर, शेवट डाव्या बाहेर, खोल्यांच्या मध्याच्या आसपास. मागची भिंत आणि तिच्यातल्या खिडक्या पूर्ण आत आल्या. दोन्ही बाजूंच्या भिंती आणि मधली उभी भिंत कापल्या गेल्या. एंटर. कुठेही एक आधारबिंदू, ऑर्थो चालू, कर्सर वर, आणि ६१० एंटर, कारण दोन फूट म्हणजे ६०९.६.

चौकटीची खालची कड बाजूच्या भिंतीतल्या खिडकीवरून गेली तर ती खिडकीही दोन फुटांनी लांब होते. म्हणून कड नेहमी कोऱ्या भिंतीवरून न्या. वर्तुळ ताणलं जात नाही. त्याचा मध्य चौकटीत आला तर ते सरकतं, नाहीतर जागीच राहतं. छपराचा प्लॅन त्याच घरावर काढला असेल तर तोही निवडीत आला आहे ना ते बघा. भिंत मागे गेली आणि पागोळी तिथेच राहिली तर पावसाळ्यात मागच्या भिंतीला ओल येणार.

११. मेस्त्रीच्या हाती देण्याआधी

डिस्टन्सने मागची खोली मोजा. ४४१० होती, आता ५०२० यायला हवी. पडवी २४०० चीच राहिली पाहिजे. एरिया कमांडने बाहेरच्या चौकोनाचं क्षेत्रफळ बघा. ते चौरस मिलिमीटरमध्ये येतं, दहा लाखांनी भागा: आधी ६७.५ चौरस मीटर होतं, आता ७२.९९. क्षेत्र वाढलं म्हणजे मागच्या हद्दीपासूनचं अंतर ६१० ने कमी झालं, तेही मोजा. ओव्हरकिल कमांड एकदा चालवा, एकावर एक पडलेल्या रेघा निघून जातात. आकडे जुळले नाहीत तर मापाच्या आकड्यावर हाताने दुसरा आकडा लिहून वेळ मारून नेऊ नका. चुकलेली रेघ शोधा, कारण मेस्त्री त्या आकड्यावरच चुन्याची फक्की टाकणार आहे.